कागद एकटा वाचू नका, रुमालासकट वाचा

प्रश्न साताऱ्याकडच्या एका महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापिकेचा आहे. थोडक्यात असा: "मोडीचा वर्ग पूर्ण केला आहे. पीएच.डी.साठी नाना फडणवीसांच्या काळातला वाई परिसरातला धान्यव्यवहार हा विषय घेतला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले मराठ्यांच्या इतिहासाचे कागद पाहायचे आहेत, शिवाय एम.ए.च्या अठरा मुलांनाही एकदा तिथे न्यायचे आहे. परवानगी कशी काढावी, बरोबर काय न्यावे, एका दिवसात किती काम होते आणि मुलांना नेमके काय दाखवावे?"

विषय चांगला निवडलात आणि जागाही बरोबर निवडलीत. मी तीस वर्षे वेगवेगळ्या दप्तरांत बसलो, त्यातली बरीच वर्षे मोडी शिकवण्यातही गेली. त्यामुळे नियमांपेक्षा, कागदापुढे बसल्यावर काय करायचे यावरच जास्त लिहितो.

आधी तिथे काय आहे आणि ते तिथे कसे आले, हे समजून घ्या. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जन्मभर जमवलेले कागद, चित्रे आणि वस्तू साताऱ्याच्या संग्रहालयात होत्या. पारसनीस १९२६ साली गेले. १९३९ साली डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेव्हा तो संग्रह पुण्याला आला. त्यातच नाना फडणवीसांचे मेणवलीचे दप्तर आहे. म्हणजे कृष्णाकाठच्या तुमच्या शेजारच्या गावचे कागद साताऱ्यामार्गे येरवड्याला गेले. १९९० पासून ही संस्था अभिमत विद्यापीठ आहे.

हा प्रवास सांगायला कारण आहे. दप्तर आणि संग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दप्तर कामातून वाढते. पत्र आले, त्यावर शेरा पडला, उत्तराची नक्कल ठेवली, हिशेब जोडला, सगळे एका रुमालात, म्हणजे जाड कापडाच्या गठ्ठ्यात, बांधले. तिथे कुणी 'हा कागद ऐतिहासिक आहे' म्हणून तो ठेवलेला नसतो. संग्रह मात्र कुणाच्या तरी आवडीतून उभा राहतो. जमवणाऱ्याला लढाया आणि राजकारण महत्त्वाचे वाटत असेल तर तेच कागद येतात, आणि कोठीवरच्या कारकुनाची ज्वारीची यादी मागे राहते. त्यामुळे कोणताही कागद हातात आला की पहिला प्रश्न हा विचारा: हा दप्तरात वाढलेला आहे की कुणी निवडून आणलेला? तुमचा विषय धान्याचा आहे, म्हणून तुमच्या बाबतीत हा प्रश्न फारच मोलाचा आहे. निवडलेल्या कागदांत धान्याचा उल्लेख क्वचित दिसला, म्हणून व्यवहारच क्वचित होता असे म्हणता येणार नाही.

आता परवानगी. पुण्याला जाऊन दारात उभे राहू नका, आधी पत्र पाठवा. प्राचार्यांचे किंवा मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत, आणि तुमचा स्वतःचा एक पानी अर्ज. या अर्जाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि सगळे त्याच्यावरच अवलंबून असते. 'मराठ्यांच्या इतिहासाचे कागद पाहायचे आहेत' असे लिहिलेत तर समोरच्याने काय काढून ठेवायचे? 'इसवी सन १७७४ ते १८०० या काळातले, वाई परिसरातल्या धान्याची खरेदी, साठवण आणि भाव यांसंबंधीचे हिशेब व पत्रे' असे लिहा. कोणत्या तारखांना येणार, किती दिवस बसणार, छायाचित्रांची परवानगी आणि शुल्क काय, कागद छापायचा झाला तर वेगळी परवानगी लागते का, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. पत्रानंतर आठवड्याभराने एक फोन करा.

जाण्यापूर्वी छापलेले संपवा. पारसनिसांनी १९०८ पासून 'इतिहाससंग्रह' मासिक चालवले, त्यात कितीतरी कागद छापले आहेत. पेशवे दप्तर वेगळे, ते पुण्याच्या सरकारी पुराभिलेखागारात आहे; त्यातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला निवडक कागदांचे ४५ खंड काढले. जो कागद गावात बसून ग्रंथालयात वाचता येतो त्यासाठी दप्तरातला दिवस घालवू नये. छापील वाचताना दुसराही फायदा होतो, त्या काळच्या भाषेला कान सरावतो. मोडीचे अक्षर लागते पण शब्द ओळखीचा नसल्यामुळे अडते, असे नवशिक्यांचे निम्म्याहून जास्त वेळा होते.

बरोबर काय न्यायचे? पेन्सिली न्या, खोडरबर मात्र नको. चुकले तर एक रेघ मारून पुढे लिहा. वही, मोजपट्टी, भिंग, जंत्री (जुन्या तारखा इंग्रजी तारखांशी ताडून पाहायचे कोष्टक), मोबाइल आणि त्याचा चार्जर. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे लागत नाहीत. त्यांनी बोटाला कागदाची जाडी कळत नाही आणि फाटकी कड अडकून आणखी फाटते. हाताला क्रीम, तेल, सॅनिटायझर नको. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती घरी ठेवा. एवढे पुरे.

आता खरे काम. रुमाल म्हणजे जाड कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यात पुडकी असतात, पुडक्यात कागद. रुमाल समोर आला की लगेच वाचायला लागू नका. गाठ सोडण्यापूर्वी त्यावरची चिठ्ठी लिहून घ्या, तिचे छायाचित्र काढा. मग पुडकी ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने नुसती पाहा. साधारण कोणत्या सालचे आहेत, हिशेब किती, पत्रे किती, किती हातांची अक्षरे दिसतात. पहिला तास यातच जातो आणि तो जाऊ द्यावा. तुम्हाला हवा तो कागद चौथ्या पुडक्यात असला तरी त्याच्या वरचा आणि खालचा कागद वाचल्याशिवाय त्याच्याकडे वळू नका. शेजारचा कागद पुष्कळदा त्याच पत्राचे उत्तर असतो, किंवा त्या कामाचा हिशेब. आणि पाहून झाल्यावर क्रम जसा होता तसाच ठेवा, 'मी नीट लावून ठेवते' असा मोह होऊ देऊ नका. तुम्हाला विस्कळीत वाटणारा क्रम हाही एक पुरावा असतो.

कागदाची पाठ पाहायची नाही, असे कधी करू नका. हे मी स्वतः चूक करून शिकलो. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी एका दप्तरात एक सुरेख पत्र मिळाले. एका सरदाराला रसद रोखण्याची सूचना होती, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने रसद रोखल्याचे दुसऱ्या कागदावरून दिसत होते. मी पुढची बाजू अक्षरन् अक्षर उतरवून घेतली आणि आज्ञा व पालन अशी जोडी लावून आख्खे प्रकरण लिहिले. मार्गदर्शकांनी विचारले, पत्र पावले कधी? मला उत्तर नव्हते. परत गेलो, तर कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात 'पै॥' आणि पुढे तारीख. 'पै॥' म्हणजे पैवस्त, पत्र पावल्याची नोंद. पत्र पोहोचले तेव्हा रसद रोखून दहा-बारा दिवस उलटले होते. त्याने जे केले ते स्वतःच्या निर्णयाने केले होते. माझे प्रकरण पडले, आणि त्या सरदाराबद्दलची माझी सगळी समजूत बदलली. तो कागद परत सापडला तोही नशिबाने, कारण वहीत मी रुमालाचा आकडा लिहिला होता आणि पुडक्याचा नव्हता. दोन दिवस त्या एका रुमालात गेले.

म्हणून छायाचित्रांची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. आधी रुमालाची चिठ्ठी, मग पुडक्याची, मग कागदाची पुढची बाजू पूर्ण, मग पाठ पूर्ण, कोरी दिसली तरी. शेजारी मोजपट्टी ठेवा. फ्लॅश बंद. दोन बंद (कागदाचे तुकडे) जोडून केलेला लांब कागद असेल तर जोडाचे छायाचित्र वेगळे. रोज संध्याकाळी मुक्कामावर गेल्यावर त्या दिवसाच्या फायलींना रुमाल, पुडके, कागद, बाजू अशा क्रमाने नावे द्या. 'उद्या करू' म्हटले की आठशे छायाचित्रांचा ढीग होतो, आणि मग कोणता कागद कुठला हे देवाला ठाऊक.

कागदाच्या अंगावर काय पाहायचे, तेही सांगतो. मोडीत लेखनिक आधी कागदभर रेघ ओढतो आणि मग अक्षरे त्या रेघेला टांगत जातो, शब्द तोडत नाही. बोरूतली शाई संपत आली की अक्षर फिके होते, पुन्हा बुडवला की गडद. त्या फिक्या-गडद लयीवरून लिहिणारा एका बैठकीत लिहीत होता की मध्ये उठला, याचा अंदाज येतो. मागून भरलेली ओळ या लयीत बसत नाही. शेवटी 'मोर्तब सूद' किंवा 'लेखनसीमा' असेल तर मजकूर तिथे संपला. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा दिसते तिचेही काम तेच, तिच्याखाली कुणी काही घुसडू नये.

तारखेशी मात्र भांडावे लागते. एकाच काळात तीन-चार कालगणना चालू होत्या. 'छ' हे अक्षर दिसले की पुढे चंद्राची, म्हणजे मोहरम, सफर या महिन्यांची तारीख आहे असे समजा. सुहूर सन अरबी शब्दांत आणि एकंपासून वर चढत लिहितात. पानिपताचे उदाहरण घ्या. त्या वर्षीचा सन 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. सुहूर वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून, सुरू होते. मृग ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते पुढचा मृग असेल तर ६००. लढाई जानेवारीत झाली, म्हणून ११६१ अधिक ६०० बरोबर १७६१. शकाने ताळा पाहा: पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. तिथी जानेवारीत पडत असेल तर शकात ७९ मिळवायचे, पुन्हा १७६१ च. दोन्ही वाटांनी साल १७६१ येते, तिथीवरून १४ जानेवारी निघते आणि वारही जुळतो. तुमच्या प्रत्येक कागदाचा असा दुहेरी ताळा वहीत मांडा. धान्याच्या भावात सुगीनंतरचा महिना आणि आषाढ यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. तारीख वर्षाने चुकली तर तुमचा निष्कर्षच उलटा होईल.

आणखी एक खाचखळगा तुमच्याच विषयातला. पत्रांत '॥' ही खूण लघुरूपाची असते: मु॥ म्हणजे मुक्काम, सु॥ म्हणजे सुहूर, बि॥ म्हणजे बितपशील (तपशीलवार). हिशेबात तीच खूण अर्ध्याची. एक दांडी पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाने '५॥ मण' हे '५११ मण' असे वाचले आणि एका वाड्यात महिन्याला पाचशे अकरा मण तांदूळ शिजवला! चूक कुठे झाली हे त्याला सांगितले नाही, फक्त विचारले, माणसे किती होती? त्याने स्वतःच परत कागद पाहिला. मापांबाबतही असेच सावध राहा. खंडी, मण, पायली, शेर ही नावे सगळीकडे तीच, पण पायली गावोगाव वेगळी भरत असे. त्याच दप्तरात त्या परगण्याचे माप कुठे सांगितले आहे का ते शोधा, पुस्तकातले कोष्टक थेट लावू नका.

एका दिवसात किती होते? सुरुवातीला चार-पाच कागद नीट झाले तरी समाधान माना. महिन्याभराने वेग तिप्पट होतो. दोन-दोन दिवसांच्या चार फेऱ्यांपेक्षा सलग आठ दिवस बसणे चांगले, कारण एकाच कारकुनाचे अक्षर तिसऱ्या दिवशी आपोआप लागायला लागते आणि मधे महिना गेला की ते पुन्हा परके होते. रुमाल काढून देणाऱ्या मामांशी दोन शब्द बोलत जा. कोणत्या कपाटात कशाचे हिशेब आहेत, कोणता गठ्ठा चुकीच्या नावाखाली बांधलेला आहे, हे त्यांना यादीपेक्षा जास्त माहीत असते. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचे नाव नीट, पूर्ण लिहा.

आता मुलांचे. अठरा मुलांना एकदम दप्तरखान्यात नेऊ नका. कपाटे पाहायची, मार्गदर्शकाचे ऐकायचे, पायऱ्यांवर फोटो काढायचा आणि परत यायचे, अशा सहली मी खूप पाहिल्या. मुलांच्या हाताला कागद लागत नाही आणि डोक्यात काही उरत नाही. सहा-सहाचे तीन गट करा. एक गट दप्तरात, बाकीचे दोन त्याच आवारात दुसरीकडे. तिथे संस्कृत महाकोशाचे काम १९४८ पासून चालू आहे, सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या कोटीच्या घरातल्या चिठ्ठ्या तिथे कपाटांत लावून ठेवल्या आहेत. परवानगी मिळाली तर ते जरूर दाखवा. एका शब्दाची एक चिठ्ठी, तिच्यावर वाक्य आणि ग्रंथातले ठिकाण. टिपण कसे घ्यावे यावर मी वर्गात दोन तास बोललो तरी जे पटत नाही ते मुलांना त्या कपाटांपुढे पाच मिनिटांत पटते.

दप्तरातल्या गटाला दोन तासांत एकच कागद द्या. तो तुम्ही आधी स्वतः वाचलेला हवा, साधा हवा, शक्यतो हिशेबाचा. एकाने मोठ्याने वाचायचे, दोघांनी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायचे, एकाने तारीख सोडवायची, एकाने आकडे, आणि सहाव्याने फक्त प्रश्न लिहायचे. हे सहावे काम सर्वांत शांत मुलीला किंवा मुलाला द्या. माझ्या एका गटात अशाच एका मुलीने लिहिले होते, 'तूप दोन ठिकाणी आले आहे, एकदा देवाकडे आणि एकदा कोठीत, दोन्हींचा भाव वेगळा का?' त्या प्रश्नावर तिने पुढे लघुप्रबंध केला. मुलांना अर्थ सांगून टाकायची घाई करू नका. एखादे अक्षर वीस मिनिटे लागले नाही तरी बसू द्या. लागते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहायलाच आपण शिक्षक झालो आहोत.

जाण्यापूर्वी त्याच कागदाची झेरॉक्स वर्गात देऊन एक तास घ्या, पण पाठीची बाजू देऊ नका. दप्तरात मूळ कागद समोर आल्यावर त्यांनी तो आपणहून उलटून पाहिला, तर तुमचा तास सार्थकी लागला.

विद्यापीठाच्या दप्तरात बाहेरून आलेल्या कागदांखेरीज विद्यापीठाचे स्वतःचे कागदही असतात: प्रवेशाची पुस्तके, निकाल, सभांची इतिवृत्ते, विद्यार्थ्यांच्या फायली. त्यांच्याकडे आपले लक्ष कमी जाते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत १८६२ साली न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर होते, हे मुलांना पाठ असते. पण विद्यापीठाच्या छापील कॅलेंडरात, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तकात, पदवीधरांच्या याद्या वर्षानुवर्षे पुढे वाचत गेले की कोणत्या जातींची, कोणत्या गावांची नावे कधी दिसू लागतात आणि कोणती फार उशिरा, ते नुसत्या यादीतून उलगडते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने डॉ. आंबेडकरांची विद्यार्थी म्हणून असलेली फाइल जपली आहे. कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी १९२० साली प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याबद्दल लिहिलेले शिफारशीचे पत्र तिच्यात आहे. त्या वेळी कारकुनासाठी ती एक साधी फाइल होती. तुमच्या महाविद्यालयाची जुनी प्रवेशपुस्तके कुठे आहेत ते या सुट्टीत पाहा. बहुधा कुठल्यातरी खोलीत, खिडकीखाली, वाळवीच्या वाटेवर असतील. पुण्याला जाण्याआधी मुलांच्या हाताला वळण लावायला त्यांच्याइतके चांगले साधन नाही: वडिलांचा व्यवसाय, गाव, फी कुणी भरली, नाव का कमी झाले.

परत आल्यावर एक काम विसरू नका. मुलांनी केलेली लिप्यंतरे तुम्ही तपासा, रुमाल-पुडके-कागद क्रमांक वर लिहा, वाचन शंकास्पद असेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा आणि एक प्रत दप्तराला पाठवा. पुढच्या वाचणाऱ्याची सोय होते, आणि पुढच्या वर्षी तुमचा अर्ज गेला की तिथे तुमचे नाव ओळखीचे असते.

पहिल्या फेरीसाठी दिवाळीनंतरचा आठवडा धरा, एकट्या जा. मुलांना जानेवारीत न्या. तोवर त्या एका कागदाची पुढची आणि मागची, दोन्ही बाजू तुमच्या नीट वाचून झालेल्या असतील.